अर्धवट डावाची वर्गणी

नागपूरच्या माणसाला वर्गणी नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत झाली की गणपती, गणपती उठले की देवी, मधूनच एखादा भंडारा. वर्षाचे कितीतरी महिने कोणी ना कोणी पावतीबुक घेऊन फाटकाशी उभा असतो. देणाराही कच्चा नसतो. "कोणतं मंडळ रे भाऊ?" हा त्याचा पहिला प्रश्न. "यंदा काय करून राहिले?" हा दुसरा. आणि खिशात हात घालता घालता तिसरा, "मागच्या सालचा हिशोब लावला का?"

या तीन प्रश्नांची धड उत्तरं नसल्यामुळे जगभरातल्या खेळवेड्या लोकांचे पैसे बुडाले आहेत. आणि ती उत्तरं असल्यामुळे संगणकावरच्या खेळांचा एक अख्खा प्रकार मरता मरता वाचला आहे. तो प्रकार म्हणजे रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या भाषेत आरपीजी.

मार्च २०१२ मध्ये ब्रायन फार्गो नावाच्या एका अमेरिकन निर्मात्यानं किकस्टार्टर या संकेतस्थळावर आपलं पावतीबुक उघडलं. त्याला १९८८ सालच्या 'वेस्टलँड' या खेळाचा दुसरा भाग करायचा होता. मागणी ९ लाख डॉलरची होती. महिनाभरात ६१,२९० लोकांनी २९,३३,२५२ डॉलर दिले. सरासरी काढली तर माणशी ४८ डॉलर होतात. तेव्हाच्या भावानं साधारण २,४०० रुपये. बदल्यात हाती काय आलं? त्या दिवशी काहीच नाही. खेळ तयार नव्हता, तो व्हायला अडीच वर्षं लागली. शिवाय मूळ 'वेस्टलँड' त्यातल्या कित्येकांनी खेळलेलाही नसणार. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधीची ती गोष्ट.

मग त्यांनी पैसे कशाचे दिले? जुन्या आठवणींचे, असं सोपं उत्तर दिलं जातं. मला ते पटत नाही. आठवणींना पैसे लागत नाहीत. जुना खेळ जुन्या संगणकावर किंवा त्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आजही चालतो. तो पुन्हा उभा करायचा म्हणून साठ-सत्तर हजार माणसं आगाऊ पैसे देतात, तेव्हा कारण वेगळं असतं. ते शोधायचं तर या खेळांत होतं काय, हे आधी पाहायला हवं.

ज्यात नांगी टाकता येते असा खेळ

या प्रकाराचं मूळ संगणकात नाही. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवरचा खेळ काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार म्हणतो, समोर बंद दार आहे, आतून रडण्याचा आवाज येतोय. आता तुम्ही काय कराल? दार फोडा, कान लावा, पळून जा, गाणं म्हणा. सूत्रधाराला प्रत्येक उत्तरावर काहीतरी द्यावंच लागतं. या खेळाचा सगळा जीव त्या 'काय कराल?' मध्ये आहे.

ऐंशीच्या दशकात हा सूत्रधार संगणकात कोंबायचे प्रयत्न सुरू झाले. 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' १९८१ चे, 'द बार्ड्स टेल' १९८५ चा, 'वेस्टलँड' १९८८ चा. जागा इतकी कमी की 'वेस्टलँड'मधली लांब वर्णनं फ्लॉपीवर मावली नाहीत. ती एका छापील पुस्तिकेत दिली आणि पडद्यावर नुसतं सांगितलं, अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. आधीच पुढचं वाचून चलाखी करणाऱ्यांना फसवायला त्या पुस्तिकेत खोटे परिच्छेदही घुसवले होते. पण त्या तुटपुंज्या जागेत एक मोठी गोष्ट बसवली होती: तुम्ही केलेलं जगाच्या लक्षात राहत असे. एखादं गाव तुमच्या निर्णयानं बिघडलं, तर परत आल्यावर ते बिघडलेलंच असे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी या प्रकाराला बहर आला. १९९७ मध्ये 'फॉलआउट', १९९८ मध्ये 'बाल्डर्स गेट', १९९९ मध्ये 'प्लेनस्केप: टॉरमेंट'. या शेवटच्यात सुमारे आठ लाख शब्द आहेत. नायक शवागारात जागा होतो. त्याला मरण येत नाही आणि आपण कोण हे आठवत नाही. तलवार चालवण्यापेक्षा बोलण्यानं जास्त मार्ग निघतात, आणि माणसाचा स्वभाव बदलू शकतो का, या प्रश्नाभोवती सगळी कथा फिरते. मारामारी टाळून, समजूत घालून, प्रसंगी नांगी टाकूनही पुढे जाता येतं, असं सांगणारे व्हिडिओ गेम तेव्हा फार नव्हते.

हे खेळ नागपुरात पोचले ते सीडीवर, आणि त्यातल्या बहुतेक सीड्यांची पावती मिळत नसे, हे लपवण्यात अर्थ नाही. मराठी शाळेतून आलेल्या पोरांना ते जड जात. बंदुकीचे खेळ एका रात्रीत कळतात. इथे डिक्शनरी शेजारी घेऊन बसावं लागे. मलाही तसंच बसावं लागलं. पाठ्यपुस्तकातली इंग्रजी परीक्षेपुरती होती, इथल्या इंग्रजीवर पात्राचा जीव अवलंबून असे. त्यामुळे या खेळांचे चाहते इथे थोडे झाले, पण जे झाले ते चिवट निघाले.

मेला की मारला

बहर पाच-सहा वर्षं टिकला. 'फॉलआउट' काढणारी इंटरप्ले कंपनी कर्जात बुडाली. तिच्या ब्लॅक आइल या विभागातून 'फॉलआउट २' आणि 'टॉरमेंट' निघाले होते. तो डिसेंबर २००३ मध्ये बंद झाला. 'फॉलआउट'चे हक्क २००७ मध्ये बेथेस्डाला साडेसत्तावन्न लाख डॉलरला विकले गेले. पुढच्या वर्षी आलेला 'फॉलआउट ३' तुफान चालला, पण तो खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणारा, बंदूक रोखून फिरण्याचा खेळ होता. वरून तिरपं दिसणारं जग, पाळीपाळीनं खेळायची लढाई, पानंच्या पानं संवाद, हे मोठ्या कंपन्यांच्या यादीतून गेलं.

का गेलं, यात खरी गोम आहे. लोक कंटाळले म्हणून गेलं नाही. खेळ बनवण्याचा खर्च दर पिढीगणिक वाढत गेला. तो भरून काढायला काही लाख गिऱ्हाईक पुरेनात, कित्येक लाख लागू लागले. जो खेळ दोन-तीन लाख लोकांना मनापासून हवा आहे, तो काढणं कोणालाच परवडेना. फार्गोनं किकस्टार्टरच्या चित्रफितीत हाच अनुभव थट्टेनं दाखवला होता. 'वेस्टलँड'ची कल्पना घेऊन तो कंपन्यांचे उंबरठे झिजवतो आणि समोर निर्णय घ्यायला बसलेला असतो एक शाळकरी पोरगा.

मला वाटतं, जुना खेळ वर्गणी काढून उठवण्याच्या लायकीचा आहे की नाही, याची पहिली खूण इथे सापडते. काही खेळ आपलं आयुष्य पुरं जगून संपतात. त्यांच्यात होतं ते सगळं पुढच्या खेळांनी घेतलेलं असतं. त्यांना उठवणं म्हणजे वाड्याचा दर्शनी भाग ठेवून आत फ्लॅट बांधणं. काही खेळ मात्र मध्येच तुटतात. त्यांनी एक काम हाती घेतलेलं असतं आणि ते पुरं व्हायच्या आत बाजार उठून जातो. पैसे या दुसऱ्या जातीच्या खेळांसाठी द्यावेत. साठ हजार माणसांनी १९८८ सालची चित्रं मागितली नव्हती. तुमच्या निर्णयाची आठवण ठेवणारं जग त्यांना हवं होतं, आणि ते पुरेसं कुठे मिळत नव्हतं.

नागपुरातलं एक जुनं उदाहरण

बाजार जे छापत नाही ते वाचणाऱ्यांच्या आगाऊ पैशातून उभं करण्याचा मोठा प्रयोग नागपुरात शंभर वर्षांपूर्वी सुरू झाला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर जन्मले रायपूरला १८८४ मध्ये, शिकले अमरावतीला आणि १९११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. झाले. परत आल्यावर त्यांनी मराठीत विश्वकोश काढायचा घाट घातला. कुठल्याही छापखान्याला झेपणारं हे काम नव्हतं. १९१६ च्या सुमारास नागपुरात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' उभं राहिलं. भाग विकायचे, वर्गणीदार मिळवायचे, आणि न लिहिलेल्या ग्रंथाचे पैसे लोकांकडून आधी घ्यायचे, असा तो व्यवहार होता. पुढे कामाचा मुक्काम पुण्याला हलला आणि १९२० पासूनच्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले.

केतकर लोकांपुढे काय घेऊन गेले, ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजी विश्वकोशाचं भाषांतर करतो, असं ते म्हणू शकले असते. ते सोपंही होतं आणि विकायलाही बरं. त्यांनी तसं केलं नाही. पहिलाच खंड 'हिंदुस्थान आणि जग' या नावाचा. जगाकडे इथे उभं राहून पाहायचं आणि मग अकारविल्हे नोंदींकडे वळायचं, अशी योजना. प्रस्तावनेचेच पाच खंड. वर्गणीदाराला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही अशी वस्तू त्यांनी कबूल केली होती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे हिशोब. 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं केतकरांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहासच लिहून ठेवला. माणसं कशी जमवली, काम कसं चाललं, हे देणाऱ्यांना कळलं पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. त्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. म्हणजे वर्गणीतून एक ग्रंथ निघालाच, शिवाय पुढची कामं करणारी माणसं निघाली. वर्गणी सत्कारणी लागली की नाही, हे ठरवायला याहून चांगलं माप मला माहीत नाही. किकस्टार्टरवरचे खेळही याच मापानं मोजता येतात.

नावावर पैसे

२०१२ च्या वसंतात फार्गोला पैसे मिळाल्यावर बाकीच्या जुन्या निर्मात्यांनीही पावतीबुकं छापली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रेंडा ब्रॅथवेट आणि टॉम हॉल हे दोन नावाजलेले डिझाइनर मैदानात उतरले. एकीची 'विझर्ड्री' मालिकेतली कामगिरी मोठी, दुसरा 'डूम' काढणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या मोहिमेचं नाव होतं 'अॅन ओल्ड स्कूल आरपीजी', म्हणजे जुन्या वळणाचा खेळ. कोणता खेळ, कुठलं जग, लढाई कशी, याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं होतं. दहा लाख डॉलर मागितले होते. आकडा गाठता येणार नाही हे दिसताच त्यांनी मोहीम स्वतःच मागे घेतली. नाव मोठं होतं, पण 'करणार काय?' या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

त्याच सुमारास ऑब्सिडियन ही कंपनी 'प्रोजेक्ट इटर्निटी' घेऊन आली. ब्लॅक आइल बंद पडायच्या काही महिने आधी तिथल्याच माणसांनी २००३ मध्ये ती काढली होती. 'बाल्डर्स गेट'चं नाव वापरायचा हक्क तिच्याकडे नव्हता, म्हणून तिनं नाव मागितलंच नाही. तिनं पद्धत सांगितली. हातानं रंगवल्यासारखी पार्श्वभूमी, सहा जणांची टोळी, हवी तेव्हा थांबवता येणारी लढाई, आणि कुलूप नसलेली प्रत, म्हणजे कंपनी बुडाली तरी खेळ तुमच्या संगणकावर चालेल. अकरा लाख डॉलरचं उद्दिष्ट दिवसभरात पुरं होत आलं आणि शेवटी ७३,९८६ लोकांनी ३९,८६,९२९ डॉलर दिले. तो खेळ 'पिलर्स ऑफ इटर्निटी' या नावानं मार्च २०१५ मध्ये आला.

नाव आणि काम यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो 'अल्टिमा'च्या बाबतीत. १९९२ च्या 'अल्टिमा ७'बद्दल खेळणारे आजही आदरानं बोलतात. त्यातल्या जगात जवळजवळ प्रत्येक वस्तू उचलता येई. पिठाची पोती सापडत. पीठ घ्या, मळा, भट्टीत घाला, पाव तयार. कथेशी त्याचा काही संबंध नाही. पण खेळाडू एकदा पाव भाजून बसला की ते जग त्याला खोटं वाटेनासं होतं. मालिका पुढे रखडली आणि हे सूत्र तसंच लोंबत राहिलं.

दोघांनी ते पुन्हा हाती घ्यायचं ठरवलं. एक होता स्वतः 'अल्टिमा'चा जनक रिचर्ड गॅरियट. २०१३ मध्ये त्यानं 'श्राउड ऑफ द अवतार'साठी १९ लाख डॉलरच्या वर गोळा केले. दुसरा स्वेन विंक, बेल्जियममधल्या घेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओचा प्रमुख. तो 'अल्टिमा ७'चा भक्त, पण हातात 'अल्टिमा'चं नाव नाही आणि कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी त्यानं 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'साठी ४ लाख मागितले, ९,४४,२८२ मिळाले.

गॅरियटचा खेळ पाच वर्षांनी, २०१८ मध्ये पुरा झाला. त्यात अनेकांनी एकत्र राहण्याचं ऑनलाइन जग होतं, खऱ्या पैशानं विकत घ्यायची घरं होती. जुन्या भक्तांना त्यात आपला खेळ दिसला नाही आणि पुढच्याच वर्षी तो दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला. विंकनं पाव भाजण्यामागची कल्पना उचलली. त्याच्या खेळात पाऊस पाडला की जमीन ओली होते, ओल्या जमिनीवर वीज टाकली की तिथे उभे असलेले सगळे थिजतात, तेल सांडलं की आग पसरते. जग नियमांनी चालतं आणि ते नियम खेळाडूला वाकवता येतात. १९९२ मध्ये हेच सुरू झालं होतं. २०१५ मध्ये दुसऱ्या भागासाठी त्याला २० लाख डॉलर मिळाले. मग लॅरियनकडे 'बाल्डर्स गेट ३' आला. तो ऑगस्ट २०२३ मध्ये निघाला आणि त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. पाळीपाळीची लढाई आणि पानंच्या पानं संवाद यांना गिऱ्हाईक नाही, हा पंधरा वर्षांचा सिद्धान्त तिथे निकालात निघाला.

बापानं नाव चालवलं, शिष्यानं काम. वर्गणी कोणाला द्यायची, हे यावरून ठरवावं.

देणाऱ्यांचा जाच

पैसे आधी देणारा माणूस फार प्रेमळ असतो आणि फार त्रासही देतो. किकस्टार्टरवर उद्दिष्ट पुरं झालं की निर्माते 'स्ट्रेच गोल' लावतात. अजून दोन लाख आले तर एक शहर वाढवू, अजून तीन आले तर किल्ला देऊ. 'पिलर्स'मध्ये एक तळघर होतं. पैसे देणारे वाढतील तसे त्याचे मजले वाढवत नेले, ते पंधरावर गेले. उत्साहात मस्त वाटतं. खेळताना मात्र कळतं की सहावा आणि सातवा मजला कथेसाठी बांधलेला नाही, आकड्यासाठी बांधलेला आहे.

जास्त पैसे देणाऱ्यांना आपलं पात्र खेळात घालायची मुभा होती. त्यामुळे 'पिलर्स'च्या गावागावांत सोनेरी नावाच्या पाट्या लावलेली माणसं उभी दिसतात. त्यांच्यावर टिचकी मारली की मुख्य कथेशी काडीचाही संबंध नसलेली लंबीचवडी गोष्ट सुरू होते. नवा खेळाडू बिचारा प्रत्येकाची कहाणी श्रद्धेनं वाचतो आणि दमतो. देवळाच्या पायरीवर देणगीदारांची नावं कोरतात तसंच हे, फक्त इथे पायरी बोलते. एका वर्गणीदारानं थडग्यावर लिहायला दिलेल्या ओळींवरून तर २०१५ मध्ये जाहीर भांडण झालं आणि त्या ओळी काढाव्या लागल्या.

उलटं दुःख म्हणजे कबूल केलेलं न देता येणं. 'टॉरमेंट'चा आध्यात्मिक वारस म्हणून २०१३ मध्ये फार्गोच्या कंपनीनं 'टॉरमेंट: टाइड्स ऑफ न्यूमेनेरा'ची घोषणा केली. ७४,४०५ लोकांनी ४१,८८,९२७ डॉलर दिले. खेळ आला फेब्रुवारी २०१७ मध्ये. आधी कबूल केलेले काही साथीदार गळले होते आणि इटालियन भाषेतली आवृत्ती रद्द झाली होती. ज्यांनी त्या आवृत्तीच्या भरवशावर पैसे दिले त्यांना संताप आला, आणि तो रास्त होता. खेळ स्वतः वाईट नव्हता. पण आधीच्या 'टॉरमेंट'नं जो प्रश्न विचारला होता, त्याच्या पुढे जाण्याऐवजी तो त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिला.

याहून वाईट गत 'अनसंग स्टोरी'ची. २०१४ मध्ये जपानी डिझाइनर यासुमी मात्सुनोच्या नावावर ६ लाख ६० हजार डॉलर जमले. तीन वर्षांनी मूळ कंपनीनं प्रकल्प दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात टाकला.

म्हणून मी आता वर्गणीच्या पानावर चित्रांपेक्षा दोन गोष्टी आधी पाहतो. निर्मात्यानं स्वतःचं काय घातलंय? फार्गोनं 'वेस्टलँड २'साठी गरज पडली तर स्वतःचे एक लाख घालायची तयारी दाखवली होती, शिवाय खेळाच्या नफ्यातले पाच टक्के इतरांच्या किकस्टार्टर मोहिमांना देण्याची कल्पना मांडली होती. आणि दुसरं म्हणजे, तो काय करणार नाही हे सांगतोय का? सगळंच देतो म्हणणारा काहीच पुरं करत नाही.

मालक कोण

नोव्हेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एकाच वेळी ऑब्सिडियन आणि इनएक्साइल, म्हणजे फार्गोची कंपनी, या दोन्ही विकत घेतल्या. अडचणीच्या काळात ज्या लाखभर लोकांनी या कंपन्यांना हात दिला त्यांना त्या सौद्यातला छदामही मिळाला नाही. मिळणारही नव्हता. किकस्टार्टरवर पैसे देणारा भागीदार नसतो. त्याला फक्त कबूल केलेली वस्तू मिळते. केतकरांच्या कंपनीचा भाग घेणारा निदान कागदावर तरी मालक होता. त्याला नफा झाला की नाही हे वेगळं, पण मंडळाच्या बऱ्यावाईटात त्याचा वाटा होता.

याला अन्याय म्हणावं का? मी म्हणणार नाही, पण देणाऱ्यानं हे डोळे उघडे ठेवून द्यावं. खेळाच्या वर्गणीतून गुंतवणुकीची अपेक्षा ठेवणारा पस्तावतो. 'हा प्रकार बंद पडू नये' एवढ्यासाठी दिलेले पैसे मात्र वसूल होतात, कारण तो प्रकार आज मोठ्या कंपन्यांच्या पैशावर जगतो आहे.

आपल्याकडे

भारतात राहणाऱ्या निर्मात्याला किकस्टार्टरवर थेट मोहीम काढता येत नाही. परदेशातल्या भागीदाराचा आधार लागतो. तरीही प्रयत्न झाले. पायरोडॅक्टिल या भारतीय स्टुडिओनं २०१३ मध्ये 'अनरेस्ट' या आरपीजीसाठी फक्त ३,००० डॉलर मागितले. मिळाले ३६ हजारांच्या वर. प्राचीन भारतातल्या भीमरा या काल्पनिक नगरात दुष्काळ पडलाय, धान्याचे भाव चढलेत, दंगे पेटताहेत. वेगवेगळ्या थरांतल्या माणसांच्या भूमिका आळीपाळीनं घेऊन आपण त्यातून जातो. लढाई बहुतेक वेळा टाळता येते. बोलणं, वाकणं, खोटं सांगणं, हीच हत्यारं. २०१४ मध्ये आलेला हा खेळ ओबडधोबड होता, पण 'टॉरमेंट'नं सुरू केलेलं काम त्यानं आपल्या मातीत रोवून पाहिलं. लोकांना हे दिसलं म्हणून मागितल्याच्या बारापट पैसे आले.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची गोष्ट उलट आहे. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा काही आरपीजी नाही, उड्या मारत, त्रिशूळ फिरवत पुढे जाण्याचा खेळ आहे. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्या, आणि राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टर मोहीम उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तिथला नियम असा की आकडा गाठला नाही तर एक पैसाही हाती लागत नाही. तरी ते थांबले नाहीत. २०२० मध्ये खेळ आला आणि 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. चांगली वस्तू आणि यशस्वी वर्गणी यांचं नातं पक्कं नसतं, याचा हा पुरावा. लोक वर्गणी देतात ती पोकळी दिसते तेव्हा. 'राजी'ची पोकळी खरी होती, पण ती जगाला अजून दिसलेली नव्हती. जुन्या खेळाचा आधार असलेल्यांना हा मोठा फायदा मिळतो: काय हरवलंय ते समोरच्याला आधीच ठाऊक असतं.

जुने खेळ उठवण्यात पुढच्यांसाठी आणखी एक धडा आहे, आणि तो अगदी व्यावहारिक आहे. 'बाल्डर्स गेट' २०१२ मध्ये नव्यानं काढायला घेतला तेव्हा मूळ चित्रांच्या फाइली सापडल्या नाहीत. 'आइसविंड डेल २' या २००२ च्या खेळाचा सोर्स कोडच हरवला, म्हणून त्याची नवी आवृत्ती काढण्याचा बेत सोडावा लागला. वीस वर्षांत गहाळ होण्याइतकी ही संपत्ती कच्ची निघाली. ज्ञानकोशाचे खंड मात्र वर्गणीदारांच्या आणि वाचनालयांच्या कपाटांत टिकले आणि यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं ते इंटरनेटवर आणले. जे हजारो घरांत पसरतं ते वाचतं. म्हणूनच कुलूप नसलेली प्रत ही मला वर्गणीतली सर्वांत मोलाची अट वाटते.

मराठीत असा खेळ माझ्या पाहण्यात नाही, ज्यात खेळाडूचं बोलणं जग लक्षात ठेवतं. मजकूर मात्र ढीगभर पडून आहे. बख्त बुलंद शहानं देवगडहून येऊन वसवलेलं नागपूर घ्या. गोंड सरदार, व्यापारी, दिल्लीचा दरबार, पुढे आलेले भोसले, प्रत्येकाची बाजू घेता येते आणि प्रत्येक बाजूची किंमत चुकवावी लागते. विदर्भातलं कोणी पोरगं उद्या असा खेळ मांडून पैसे मागायला आलं, तर चित्रं किती देखणी आहेत हे मी शेवटी पाहीन. पहिल्या तासात खेळाडूनं घेतलेला एखादा निर्णय दहाव्या तासात त्याच्या आडवा येतो का, एवढं ते दाखवू शकलं तर मी पैसे देईन, आणि सहावा मजला बांधू नकोस असंही बजावीन.

जुना मराठी खेळ उठवावा की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे वीस-तीस वर्षांनी यायचा असेल, तर पहिला खेळ कोणीतरी आत्ता करायला हवा. आणि करणाऱ्यानं त्याचा सोर्स कोड एकाच हार्ड डिस्कवर ठेवून झोपू नये.